हातात एक काम, डोक्यात चार

प्रश्न : ताई, मी एका सीएंच्या ऑफिसात अकाउंट्स बघते. टू-बी (जीएसटीच्या साइटवरची पुरवठादारांच्या बिलांची यादी) आमच्या हिशोबाशी मॅच करायला बसले की क्लायंटचा फोन येतो, तेवढ्यात सरांचा मेसेज, मग शेजारची म्हणते जरा ही एन्ट्री बघ ना. परत शीटवर आले की कुठल्या ओळीवर होते तेच आठवत नाही. दिवसभर राबूनही एक काम हातावेगळं होत नाही. वय ३४, विसरायचा आजार तर नाही ना लागला?
– एक वाचक, सांगली

उत्तर : अगं, घरीदारी, बाजारातही असंच होत असेल तर डॉक्टरांना दाखव, पण तू लिहिलंयस ते सगळं ऑफिसातलंच आहे. एक गंमत कर. घड्याळ लावून १ ते १० म्हण, मग क ते ञ म्हण, आणि मग १ क, २ ख, ३ ग असं आलटून पालटून म्हण. अक्षरं तीच, आकडे तेच, तरी जीभ अडखळते की नाही बघ! प्रत्येक उडीला मेंदूला आधीचं बाजूला ठेवून नवीन उघडावं लागतं, आणि आधीचं पूर्ण बाजूला होतच नाही. सोफी लेरॉय या संशोधक बाईंनी २००९ मध्ये यावरच पेपर लिहिला, की अर्धवट सोडलेलं काम डोक्यात रेंगाळत राहतं आणि पुढचं काम त्यामुळे बिघडतं. (माझं तर फोनवर बोलता बोलता कुकरच्या शिट्ट्या तीन झाल्या का चार हेच कळत नाही, डाळ दोनदा लागलीये.)

पुढे त्यांनीच एका सहकाऱ्याबरोबर उपायही तपासला आणि तो अगदी साधा आहे. कुणी हाक मारली की लगेच उठायचं नाही, 'अर्धा मिनिट हं' म्हणायचं आणि चिठ्ठीवर लिहायचं : ओळ ११२, बिल आलंय, टॅक्स जुळत नाही, पार्टीला विचारणे. बास. परत आलीस की शोधाशोध नाही, आणि मधल्या वेळात डोकंही त्यात अडकून राहत नाही.

दुसरं म्हणजे सकाळचा एक तास सरांकडून मागून घे, फोन ड्रॉवरमध्ये, क्लायंटना बारानंतर कॉलबॅक. ११ आणि २० तारखेच्या आसपास जीएसटी रिटर्न भरायची घाई असते, हे जमणार नाही, तेव्हा हट्ट करू नकोस. पहिले काही दिवस हात आपोआप ड्रॉवरकडे जाईल, तासभर जमलं नाही तर वीस मिनिटांपासून सुरू कर.

आणि ते १ क, २ ख किती सेकंदांत झालं ते कळव, मला २१ लागले.