ग्रो लाइटची जांभळी पट्टी लावली तरी कोथिंबीर लोळते. तास वाढवू की अजून एक रोल आणू?

प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापूरला राजारामपुरीत पहिल्या मजल्यावर फ्लॅट, समोरच्या बिल्डिंगमुळं ऊन येत नाही. ५ मीटरची जांभळी एलईडी पट्टी आणून प्लायवूडच्या रॅकखाली चिकटवली. कोथिंबीर दोऱ्यासारखी वाढते आणि आडवी पडते.

दोन्ही नको. आधी ती पट्टी उतरवा.

असाच रॅक आमच्या दाजींचा माझ्या टेबलावर आला होता, म्हणून जरा सविस्तर लिहितो. रोलच्या डब्यावर ७२ वॅट छापलेलं. मीटर लावला तर जेमतेम ४५. पट्टीच्या तोंडाला १२.१ व्होल्ट, शेपटाला ९.८. पट्टीतली तांब्याची पट्टी कागदासारखी पातळ असते, ५ मीटर एकाच टोकानं वीज दिली की वाटेतच व्होल्टेज खाल्लं जातं आणि शेवटच्या मीटरमधल्या एलईडींना करंट बराच कमी मिळतो. डोळ्याला हे कळत नाही, कोथिंबिरीला कळतं. मधला एक तुकडा लुकलुकत होता. रोल सलग दिसला तरी तो ५०-५० सेंटिमीटरचे तुकडे कारखान्यात सोल्डर करून जोडलेला असतो. प्लायवूड उष्णता ओढत नाही, पट्टी तापते, मागचा गम सुटतो, पट्टी लोंबते आणि ओढ बसते ती नेमकी या जोडांवर. तुमचीही कुठं लुकलुकत असेल तर जोडावर बोट दाबून बघा, पेटते.

आता जांभळ्या रंगाचं. दाजींचा मुद्दा: पानं हिरवी, म्हणजे हिरवा प्रकाश ती परतवतात, मग पांढऱ्यातला हिरवा फुकट. ऐकायला बरं वाटतं, पण खोटं आहे. मॅक्क्री नावाच्या संशोधकानं १९७२ साली बऱ्याच पिकांच्या पानांवर एकेका रंगाचा प्रकाश टाकून प्रकाशसंश्लेषण मोजलं. लाल सगळ्यात पुढं हे खरं, पण हिरवाही भरपूर कामाला येतो. उलट तो पानाच्या आतल्या थरापर्यंत जास्त पोचतो. आणि पांढरी एलईडी म्हणजे तरी काय, ४५० नॅनोमीटरच्या आसपासची निळी एलईडी आणि वर पिवळा फॉस्फर, म्हणजे निळ्यातला काही उजेड इतर रंगांत बदलणारा लेप. निळा त्यात आहेच, लालही आहे.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. १२ व्होल्टच्या पट्टीत ३ एलईडी आणि एक रेझिस्टर असे ओळीत असतात. पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात, तिघींचे ९, उरलेले ३ रेझिस्टर तापवण्यात जातात. लाल एलईडीला २ च्या थोडे वर, तिघींचे साडेसहा. म्हणजे १२ पैकी साडेपाच व्होल्ट नुसती गरमी. जांभळ्या पट्टीत लालच जास्त असतात, आणि स्वस्त पट्टीतला लाल बहुधा ६३० नॅनोमीटरच्या आसपासचा, जाहिरातीतला ६६० नव्हे. अर्धी वीज रेझिस्टर जाळायला भरताय. शिवाय त्या उजेडात पान पिवळं पडलंय की नाही, पांढरी माशी बसलीय की नाही, काही दिसत नाही.

मग काय घ्यायचं: २८३५ चिपची (हा एलईडीच्या मापाचा नंबर) पांढरी पट्टी, ६५०० केल्विन म्हणजे थंड पांढरा रंग, मीटरला १२० एलईडी, मीटरला १२ वॅटच्या आसपास. २ फूट बाय १ फुटाच्या एका कप्प्याला ३ मीटर पुरते. ६० सेंटिमीटरचे ५ तुकडे. या पट्टीत दर अडीच सेंटिमीटरला कात्रीची खूण असते, तिथंच कापायचं. मध्ये कापली तर ते ३ एलईडी गेले. सिलिकॉन ओतलेली वॉटरप्रूफ पट्टी घेऊ नका, उष्णता आत कोंडते आणि सिलिकॉन पिवळं पडतं. उघडी पट्टी घ्या आणि पाणी घालताना हात सांभाळा.

पट्टी लाकडावर नाही, ॲल्युमिनियमवर. स्लायडिंग खिडक्या करणाऱ्यांकडं सेक्शनचे फूट-दोन फुटांचे तुकडे पडलेले असतात, उद्यमनगरात किलोच्या भावानंही मिळतील. सपाट बाजू थिनरनं पुसा, सुकू द्या, मग चिकटवा, आणि दोन्ही टोकांना सिलिकॉनचा एकेक ठिपका द्या. गमवर विश्वास ठेवू नका. दोन पट्ट्यांत ६ सेंटिमीटर अंतर.

पाचही तुकडे समांतर जोडायचे: सगळे प्लस एका वायरला, सगळे मायनस दुसऱ्या. एकापुढं एक नाही. मुख्य वायर ०.७५ स्क्वेअर एमएमची. क्लिपचे कनेक्टर मिळतात, ते घेऊ नका. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात त्यांच्या पात्या काळ्या पडतात आणि मग तापतात. २५ वॅटची सोल्डरिंग गन पुरे. आधी पॅडवर थोडं सोल्डर, वायरच्या टोकाला थोडं, मग दोन्ही टेकवून २-३ सेकंद. जास्त वेळ टेकवलं तर पॅडच उचकटून हातात येतो. एखादा तुकडा पेटला नाही तर बहुतेक वेळा प्लस-मायनस उलटं झालेलं असतं.

३६ वॅट म्हणजे १२ व्होल्टवर ३ अँपिअर. त्याला ५ अँपिअरचा एसएमपीएस (घरच्या विजेची १२ व्होल्ट डीसी करणारा डबा), सीसीटीव्हीला लावतात तसला जाळीचा चालतो. अर्थिंग जोडाच. डीसी बाजूला ५ अँपिअरचा फ्यूज. एसएमपीएसवर व्ही-ॲडजस्ट नावाचा छोटा स्क्रू असतो, तो मीटर लावून १२.० वर ठेवा. ‘उजेड वाढतो’ म्हणून साडेतेरापर्यंत फिरवणारे असतात. त्यांनी लक्षात घ्यावं की रेझिस्टरवर ३ च्या जागी साडेचार व्होल्ट येतात, म्हणजे करंट जवळपास दीडपट. पट्टी महिन्यात निळसर पडते. आणि एसएमपीएस कुंडीच्या खाली कधीच ठेवायचा नाही. वायर आधी खाली झोळ देऊन मग वर न्यायची, म्हणजे थेंब वायरवरून आत उतरत नाही.

उजेड मोजायला मोबाइलचं लक्स ॲप चालतं (लक्स म्हणजे उजेडाचं माप), ढोबळ का होईना. पांढऱ्या एलईडीखाली लक्सला ७० नं भागा, झाडाच्या कामाचा आकडा मिळतो. कोथिंबीर, मेथी, पुदिना यांना २०० पाहिजे, म्हणजे पानाच्या उंचीवर १४,००० लक्स. पट्टी पानांपासून १५ ते २० सेंटिमीटरवर असेल तर येतो. जांभळ्या उजेडात हे ॲप काहीबाही दाखवतं, तिथं वापरू नका. रॅकच्या बाजूंना पांढरा सनबोर्ड लावा, बाहेर सांडणारा उजेड आत येतो.

तासांचं विचारलंत. १२ ते १४. तुमच्या आत्ताच्या उजेडात २४ तास लावलं तरी भागणार नाही, आणि पुरेशा उजेडात १८ तास लावलं तर कोथिंबीर लवकर दांडा टाकून फुलावर जाते, दिवस मोठा झाला की ती तसंच करते. त्याच खोलीत शेवंती असेल तर दुसरीकडं हलवा, तिला कळी धरायला मोठी रात्र लागते. टायमर घेताना काट्याचा घेतलात तर लाइट गेली की तो थांबतो आणि तेवढा मागं पडतो. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा वेळ जुळवून घ्या. बिलाचं म्हणाल तर एसएमपीएसचा तोटा धरून ४२ वॅट, १४ तासांना महिन्याकाठी १८ युनिट. बिलावरचा दर लावून बघा, मग कोथिंबिरीची पेंढी मंडईत काय भावानं मिळते तेही बघा.

आणि हे खरं तर वरच लिहायला हवं होतं: कप्पा ४ फुटांचा असेल तर पट्टीच्या नादाला लागू नका. २० वॅटच्या पांढऱ्या एलईडी बॅटन तीन लावा, सोल्डरिंग नाही, एसएमपीएस नाही, आणि वॅटमागं उजेडही बहुतेक पट्ट्यांपेक्षा जास्त. पट्टी परवडते ती अडनिड्या मापाच्या, कमी उंचीच्या कप्प्यात. मिरची-टोमॅटोला मात्र यातलं काहीच पुरत नाही, त्यांना दुपटीच्या वर उजेड लागतो. ती झाडं गच्चीवरच न्या.

जांभळी पट्टी टाकून देऊ नका. दोन्ही टोकांनी वीज दिली तर गणपतीच्या मखराला झकास दिसते. दाजींची दोन वर्षं तिथंच आहे.