घोरपडीच्या पिलाविषयी

चि. विद्यार्थ्यास,
अनेक आशीर्वाद.

घरी आणलेल्या घोरपडीच्या पिलाविषयी तू काल दुपारी फोन केलास, तेव्हा मी तुला फारसे बोलू दिले नाही. आधी वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळव, बाकीचे नंतर बोलू, एवढेच सांगून मी फोन ठेवला आणि तू लगेच तसे केलेस, याचे मला फार समाधान वाटले. परंतु रात्री तुझा निरोप आला, ‘सर, मी तर तिचा जीव वाचवला, मग मी गुन्हेगार कसा?’ या प्रश्नाला दोन ओळींचे उत्तर देणे योग्य झाले नसते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आधी तुझ्या बाजूचे लिहितो. नागपूरच्या बेसा भागातील त्या पायाच्या खोदकामात वीतभर लांबीचे, अंगावर पिवळे ठिपके असलेले पिल्लू निघाले, कोणीतरी ‘बिसखोपरा’ म्हणून ओरडले आणि फावडे उगारले गेले. त्या क्षणी तू मध्ये पडून पिलावर बादली उपडी घातलीस, हे धैर्याचे काम होते. बिसखोपरा म्हणजे घोरपडीचेच पिल्लू. त्याच्या नुसत्या फुंकरीनेही माणूस मरतो अशी समजूत आहे आणि ती पूर्णपणे खोटी असूनही तिच्यापायी ही पिल्ले दिसेल तिथे ठेचली जातात. तू नसतास तर तेही ठेचले गेले असते.

चूक त्याच्या पुढची आहे. ती बादली घरी गेली, माशांच्या रिकाम्या काचपेटीत वाळू पसरली गेली, आणि ‘परवाना काढून हिला ठेवता येईल का’ हा विचार तुझ्या मनात आला. तू शिकार हा शब्द बंदुकीशी आणि फासक्याशी जोडतोस. कायदा तसे करीत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात ठार मारणे आणि विष घालणे यांच्या बरोबरीने पकडणे, सापळा लावणे, आमिष दाखवणे, आणि यांपैकी कशाचाही नुसता प्रयत्न करणेसुद्धा येते. सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी फोडणे किंवा त्यांची जागा विस्कटणे हेदेखील त्याच व्याख्येत आहे. म्हणजे पाळण्यासाठी प्रेमाने पकडलेली घोरपड आणि रश्श्यासाठी पकडलेली घोरपड यांत शिकारीला मनाई करणारे कलम ९ फरक करीत नाही.

घोरपड या कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे, जिथे वाघ आहे. २०२२ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. त्यानंतर अनुसूची १ मधील प्राण्याच्या शिकारीला किमान ३ वर्षे आणि कमाल ७ वर्षे कारावास, आणि २५,००० रुपयांपेक्षा कमी नसलेला दंड आहे. सरड्यासारख्या दिसणाऱ्या प्राण्याला वाघाच्या पंगतीला का बसवले, असे तुला वाटेल. खंजिरीला आणि दिमडीला पूर्वी घोरपडीचेच कातडे मढवीत असत. सांधेदुखीवर म्हणून तिचे तेल काढतात. आणि ‘हत्थाजोडी’ नावाची जी पवित्र मुळी म्हणून विकली जाते, ती पुष्कळदा नर घोरपडीचे वाळवलेले जननेंद्रिय असते. लोक ते देव्हाऱ्यात ठेवून पूजतात, आपण काय पूजतो हे त्यांना ठाऊकही नसते. ज्या प्राण्याच्या प्रत्येक अवयवाला गिऱ्हाईक आहे, त्याला कायद्याने सैल सोडून चालत नाही.

आता तुझ्या मुख्य प्रश्नाकडे येतो. कलम ३९ प्रमाणे असा वन्य प्राणी ही शासनाची मालमत्ता असते, आणि तो कोणत्याही मार्गाने ज्याच्या ताब्यात येईल, त्याने ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याला कळवले पाहिजे. ही मुदत मला फार शहाणपणाची वाटते. माणसाच्या हातात असा जीव कधी चांगल्या कारणानेही येऊ शकतो, हे कायदा ओळखतो. परंतु तो जीव तुझा झाला, असे तो मानत नाही. रविवारी संध्याकाळी पाच वाजता पिल्लू तुझ्या बादलीत आले आणि मंगळवारी दुपारी बारा वाजता तू कळवलेस. पाच तास उरले होते. ते गेले असते तर, तुझा हेतू कितीही स्वच्छ असला तरी, कलम ५७ तुझ्या विरुद्ध उभे राहिले असते: ताबा सिद्ध झाला की तो बेकायदा आहे असे गृहीत धरले जाते, आणि तो तसा नाही हे दाखवण्याचा भार आरोपीवर पडतो.

परवान्याविषयी स्पष्ट सांगतो. मुख्य वन्यजीव रक्षक शिक्षण, वैज्ञानिक संशोधन अशा मोजक्या कारणांसाठी पकडण्याची परवानगी देऊ शकतात. घरी हौस म्हणून घोरपड ठेवणे यांपैकी कशातच बसत नाही, त्यामुळे अर्ज कुठे करायचा हा प्रश्नच उरत नाही.

मी हे अधिकाराने लिहीत आहे असे समजू नकोस. अपराधाच्या जाणिवेने लिहीत आहे. सुमारे तीस वर्षांपूर्वी, मी नुकताच शिकवू लागलो होतो, तेव्हा एका विद्यार्थ्याने असेच एक पिल्लू आणून दिले आणि मी ते ठेवून घेतले. कायदा तेव्हाही होता. मी त्याला खिम्याचे गोळे भरवीत असे आणि पेटी खिडकीच्या काचेआड उन्हात ठेवीत असे. काचेतून ऊब येते, परंतु हाडांना लागणारे अतिनील किरण त्यातून पुरेसे येत नाहीत, आणि हाडांवाचूनच्या मांसात चुना, म्हणजे कॅल्शियम, पुरेसा नसतो. तिसऱ्या महिन्यात त्याच्या मागच्या पायांची बोटे थरथरू लागली. पुढे खालचा जबडा बोटाने दाबला तर रबरासारखा वाके, आणि ते मागचे अंग ओढत चाले. डिसेंबरात ते गेले. मी कोणालाही कळवले नाही. ते बोटाखाली वाकणे मला अजून आठवते, आणि काल तुझी ती वाळूची पेटी फोटोत पाहिली तेव्हा तेच आठवले.

तू विचारलेस, मग दुकानातला इग्वाना तरी चालेल ना? परदेशी म्हणजे मोकळा, हे पूर्वी लोक धरून चालत. आता तसे नाही. नव्या दुरुस्तीने अनुसूची ४ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या प्रजाती आल्या, हिरवा इग्वाना त्यांपैकी आहे, आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे अशा जिवंत प्राण्याची नोंदणी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ या पोर्टलवर करावी लागते. कागद न दाखवणाऱ्या विक्रेत्याकडून काहीही घेऊ नकोस. ‘लेपर्ड गेको’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पालींबाबत तर दुप्पट सावध राहा. त्याच कुळातली एक पाल सातपुड्यातून २०१४ साली विज्ञानाला नव्याने कळली, आणि सराव नसलेल्या डोळ्याला या पाली सारख्याच दिसतात. परदेशी पैदाशीच्या नावाखाली आपल्याच डोंगरातून उचललेला जीव तुझ्या हाती पडू शकतो.

पाहण्याला मात्र कोणतीही मनाई नाही, आणि पाहण्यासारखे तुझ्या फाटकावरच आहे. पावसाळ्यात कुंपणावरच्या नर सरड्याचा गळा लाल होतो आणि तो पुढच्या पायांवर दंड बैठका काढल्यासारखे अंग वरखाली करतो. एक वही घे, वेळ, ऊन आणि त्याची जागा लिहून ठेव, आणि महिनाभर तोच सरडा पाहा. सेमिनरी हिल्स आणि गोरेवाडा परिसरात सकाळी ऊन खात बसलेली मोठी घोरपडही कधी दिसते. तिच्यापासून दूर उभा राहा.

आजच करायच्या दोन गोष्टी आहेत. वनरक्षकाने पिल्लू नेताना जो कागद तयार केला, त्याची प्रत मागून घे आणि जपून ठेव. दिनांक आणि वेळ त्यावर असली पाहिजे. दुसरे, पिल्लू मनगटावर घेऊन तू जी रील टाकलीस ती काढून टाक. तिच्याखाली चार जणांनी ‘कुठे मिळेल’ असे विचारले आहे. त्या चौघांना तू स्वतः लिही, आणि ते पिल्लू आता कुठे आहे तेही सांग.

तुझा,
सर