लेबलवरचा आकडा आणि ट्रायल रूम

प्रश्न : कपडे घ्यायला गेलो की माझे मिस्टर दहा मिनिटांत शर्ट-पँट घेऊन मोकळे होतात. मला पाच-सहा टॉप घालून पाहिल्याशिवाय ठरवताच येत नाही. ‘बायकांचं असंच’ म्हणून घरात चेष्टा होते. हा स्वभावाचाच भाग आहे का?

उत्तर : स्वभावाला दोष देण्याआधी दोघांच्या कपड्यांची लेबलं शेजारी ठेवून बघा. पुरुषांच्या पँटवरचा 34 म्हणजे कमरेचे इंच. फॉर्मल शर्टावरचा 40 बहुधा कॉलरचे सेंटिमीटर. तुमच्या टॉपवरचा ‘एम’ मात्र माप नाहीच, ते कंपनीने ठेवलेलं नाव आहे. छाती, कंबर आणि नितंब या तिन्ही मापांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण प्रत्येकीचं वेगळं असतं, ते एका अक्षरात मावत नाही. अमेरिकेने 1958 मध्ये स्त्रियांच्या तयार कपड्यांसाठी प्रमाण मापं ठरवली होती. ती 1983 मध्ये मागे घेतली गेली. तेव्हा घालून बघण्यात तुमची काहीच चूक नाही. चेष्टा खुशाल थांबवायला सांगा.

वेळ वाचवायचा तर पर्समध्ये टेप ठेवा. घरातला सर्वांत छान बसणारा टॉप सपाट पसरून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजा. समजा साडेअठरा इंच भरलं. दुकानात टॉप काउंटरवर पसरून तसाच मोजायचा आणि अर्ध्या इंचाहून जास्त फरक असेल तर बाजूला ठेवायचा. ताणणाऱ्या कापडाची तुलना ताणणाऱ्याशीच करा, नाहीतर हिशेब चुकतो. पँटची कंबर मोजताना पुढची उंचीही मोजा, दोन्ही पाय जिथे जोडले जातात त्या शिवणीपासून कमरेच्या पट्टीच्या वरच्या कडेपर्यंत. बसल्यावर पँट काचते ती बहुतेकदा इथेच कमी पडल्यामुळे.

घेण्याआधी कपडा उलटा करा. शिलाईच्या आत जेमतेम सेंटिमीटरभर कापड आणि लगेच ओव्हरलॉक (कापडाची कड उसवू नये म्हणून घातलेली शिलाई) असेल, तर तो उसवून सैल होणार नाही. पुरुषांच्या फॉर्मल पँटला मागच्या मधल्या शिवणीत बहुधा माया, म्हणजे सैल करण्यापुरतं जादा कापड, सोडलेली असते. बायकांच्या तयार पँटला ती क्वचितच मिळते.

प्रश्न : मी नेहमीच्या नंबरचा शर्ट न घालताच घेतो. कॉलर बसते, पण खांदे ओघळतात. असं का?

उत्तर : कॉलरच्या आकड्यावरून खांदा कळत नाही. बाहीची शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकावरच यायला हवी. खांदा दुरुस्त करायचा म्हणजे बाही पूर्ण उसवावी लागते. लांबी किंवा बाजू आत घेणं त्यामानाने सोपं. म्हणून तुम्हीसुद्धा ट्रायल रूममध्ये जाच, आणि हात वर करून, बसून बघा.