एकाच ध्वनिमुद्रणाचे तुकडे का पडतात?

प्रश्न : माझ्या छोट्या रेकॉर्डरवर गायन मुद्रित करताना गायक क्षणभर थांबला, की नवा ट्रॅक सुरू होतो. हे कसे टाळावे? झालेले तुकडे जोडता येतील का?

उत्तर : आपल्या रेकॉर्डरमध्ये स्वयंचलित ट्रॅक विभागणी चालू असावी. आवाजाची पातळी ठरावीक मर्यादेखाली काही क्षण राहिली, की गाणे संपले असे यंत्र समजते. दोन स्वरांमधली अर्थपूर्ण शांतता त्याला ओळखता येत नाही. रेकॉर्डिंगच्या मेनूमध्ये ‘ऑटो ट्रॅक’ किंवा तत्सम नावाचा पर्याय शोधून तो बंद करावा. ठरावीक मिनिटांनी विभागणी करणारा पर्याय वेगळा असल्यास तोही पाहावा. आवाज आल्यावरच मुद्रण करणारी सोय मात्र संगीतासाठी कटाक्षाने बंद ठेवावी, कारण तिच्यामुळे हळुवार सुरुवातच गळून जाते आणि ती परत मिळवता येत नाही.

एवढे करूनही दीर्घ मुद्रणात फाइल तुटली, तर तो दोष नव्हे. फॅट ३२ (फाइल्स साठवण्याची एक मांडणी) पद्धतीच्या मेमरी कार्डावर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही आणि अनेक रेकॉर्डर २ जीबीलाच नवी फाइल उघडतात. ४४.१ किलोहर्ट्‌झ, १६ बिट, म्हणजे सीडीच्या दर्जाच्या, स्टिरिओ वेव्ह (न दाबलेल्या) मुद्रणात २ जीबी सुमारे ३ तास २० मिनिटांत भरतात. ९६ किलोहर्ट्‌झ, २४ बिट या अधिक वरच्या दर्जाला जेमतेम तासाभरात.

झालेले तुकडे ऑडॅसिटीसारख्या संगणकावरील ध्वनिसंपादन प्रणालीत एकाच ट्रॅकवर क्रमाने, मध्ये जागा न सोडता ठेवावेत आणि सांधा हेडफोन लावून ऐकावा. मूळ फाइल्स तोवर पुसू नयेत.