भरलेला मीटलोफ कापताना फुटतो, आतलं सारण बाहेर येतं, काय करू?

खिम्यात पाव आणि अंडं घाला आणि ओव्हनमधून काढल्यावर १५ मिनिटं सुरी लावूच नका, फुटणार नाही. १ किलो खिम्याला दुधात भिजवून कुस्करलेले २ शिळे पाव नि २ अंडी पुरतात, पाव रस धरून ठेवतो आणि अंडं शिजताना सगळं बांधतं, मडगावला आमच्या घरी रविवारच्या जेवणाला मी असाच करते. सारणात उकडलेली अंडी सलग एका रांगेत ठेवा, प्रत्येक कापात पिवळा गोल दिसतो, फार सुंदर दिसतं! फक्त गोवन चोरीस (डुकराच्या मांसाचं खारट-मसालेदार सॉसेज) भरणार असाल तर आधी परतून तेल निथळून घ्या आणि खिम्यात मीठ कमी घाला. १८० डिग्रीला साधारण तास लागतो, पण मधोमध ७१ डिग्री झालंय ना ते थर्मामीटरने बघाच.