गुळगुळीत तांब्याला पोत असतो का?

एका आईचा प्रश्न आहे. चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेची तयारी करणाऱ्या तिच्या मुलीने वहीत लिहिलं, ‘माठाला पोत आहे, पितळी तांब्याला पोत नाही, कारण तो गुळगुळीत आहे.’ शिक्षकांनी त्यावर फुली मारली. चूक नेमकी कुठे? आणि काळी पोत तर गळ्यात घालतात, मग चित्रकलेत हा शब्द कसा?

आधी लिंग पाहू. गळ्यातली ती पोत, चित्रातला तो पोत. गोंधळात पेटवून नाचवतात तो भवानीचा पोतही पुल्लिंगीच, पण त्याचा इथे संबंध नाही. आपल्याला हवा आहे तो कापडाचा पोत. जाणती बाई दुकानात लुगडं नुसतं बघत नाही, पदर चिमटीत धरून चोळते. सूत जाड की बारीक, वीण दाट की विरळ, हे त्या चिमटीत कळतं, आणि जे कळतं तो पोत. घोंगडीचा पोत भरड, मलमलीचा तलम. मलमलीला पोतच नाही, असं कुणी म्हणत नाही.

जमिनीचंही तेच. वाळू, गाळ आणि चिकणमाती कोणत्या प्रमाणात आहेत, यावर जमिनीचा पोत ठरतो. ओली माती मुठीत दाबली की गोळा होतो का विस्कटतो, यावरून शेतकरी तो ओळखतो. गाण्यातले जाणकार आवाजाचा पोत म्हणतात, तिथे तर हात लावायलाही काही नसतं. इतका लांब पोचलेला शब्द आहे हा, आणि मला तो फार आवडतो.

तर मुलीने पोत म्हणजे खरखरीतपणा असं धरलं. ठेंगण्या माणसालाही उंची असतेच, तसा गुळगुळीत तांब्यालाही पोत असतो. शिक्षकांची फुली बरोबर आहे, फक्त शेजारी दोन शब्द लिहायला हवे होते.

स्थिरचित्र काढायला बसलं की हे आपोआप पटतं. पितळेवर उजेडाचा ठिपका लहान आणि कडक कडेचा पडतो, शेजारच्या कांद्याची तांबूस छाया तांब्याच्या पोटावर उतरते. माठावर तोच उजेड पसरतो, त्याची कड सापडत नाही. तांब्या गुळगुळीत दिसावा म्हणून तो कडक ठिपका जपावा लागतो. तो पुसट झाला की तांब्या मातीचा दिसू लागतो.

हा झाला डोळ्यांना भासणारा पोत, कागद सपाटच राहतो. दुसरा हाताला लागणारा. चित्रकार वासुदेव गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफने, म्हणजे रंगाच्या बोथट सुरीने, रंगाचे थर चढवत, उचलत. तिथे पोत रंगातच असतो, म्हणून त्यांची चित्रं छापील पुस्तकात निम्मीच पोचतात. कागदाखाली नाणं ठेवून वरून पेन्सिल घासतो, तेव्हा एका पोताचा दुसरा होतो: बोटाला लागणारे उंचवटे डोळ्यांसाठी उमटतात. मॅक्स अर्न्स्ट या चित्रकाराने १९२५ मध्ये जुन्या लाकडी जमिनीवर कागद ठेवून असंच घासलं, आणि त्यातून त्याची एक पद्धतच झाली.

‘टेक्श्चर’ म्हटलं तर बिघडत नाही. त्याचं मूळही लॅटिनमधल्या विणण्याच्या क्रियापदात आहे, टेक्स्टाइल त्याचंच भावंड. पण पोत म्हटलं की मराठीतली विशेषणं धावून येतात, आणि त्यांतले फरक बारीक आहेत. खडबडीत म्हणजे उंचसखल, रस्त्यासारखं. खरखरीत म्हणजे पॉलिश पेपरसारखं, सगळीकडे सारखं घासणारं. बुळबुळीत गुळगुळीतच, पण ओलं. तांब्याला कुणी बुळबुळीत म्हणालं तर तो घासायचा राहिलाय.

वहीतलं वाक्य असं करा: ‘माठाचा पोत खरखरीत आहे, तांब्याचा गुळगुळीत.’