सोयाबीन पिवळे पडले आहे: चौथी फवारणी, हार्वेस्टर आणि विक्री

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. औसा तालुक्यातील चार एकर काळ्या रानात जूनच्या शेवटच्या आठवड्यात फुले संगम, म्हणजे केडीएस ७२६, हे सोयाबीनचे वाण पेरले. पीक आता सत्तर-बहात्तर दिवसांचे आहे, आणि ऑगस्टअखेर रानात पाणी साचल्यानंतर ते ठिकठिकाणी पिवळे पडू लागले आहे. तीन फवारण्या झाल्या असून दुकानदाराने चौथीसाठी बुरशीनाशक, कीटकनाशक, टॉनिक आणि विद्राव्य खत असे चार डबे एकत्र मारायला सांगितले आहेत. मजूर मिळत नसल्याने हार्वेस्टर लावावा का, आणि माल दसऱ्यालाच विकावा की ठेवावा, हेही तुम्ही विचारले आहे. माझे मत आधीच सांगतो: या वयाच्या सोयाबीनमध्ये पंपाने मिळवण्यासारखे फार थोडे उरते, आणि वाचवण्यासारखे जे आहे ते काढणी, मळणी आणि वाळवणीत आहे. म्हणून चौथ्या फवारणीसाठी काढलेल्या पैशांतून आधी दोन चांगल्या ताडपत्र्या घ्याव्यात.

पण त्याआधी पीक कशामुळे पिवळे पडले आहे हे पाहिलेच पाहिजे, कारण पिवळेपणा हा एकच रोग नाही. बांधावरून पाहून हे कळत नाही. विळा घेऊन रानात उतरा आणि पिवळ्या पट्ट्याच्या कडेला, म्हणजे जेथे हिरवे आणि पिवळे झाड शेजारी उभे आहे तेथे, दोन्ही प्रकारची पाच-पाच झाडे मुळासकट उपटा. पिवळे झाड सहज हातात आले, मुळाची साल चिमटीत धरताच सुटून आली आणि खोडाचा बुडखा उभा चिरल्यावर आत मिरपूड भुरभुरावी तसे राखाडी-काळे ठिपके दिसले, तर ती कोळसाकूज समजावी. हे ठिपके म्हणजे मॅक्रोफोमिना बुरशीची विश्रांतीतील बीजे असतात आणि ती जमिनीत वर्षानुवर्षे टिकतात. पावसाने ओढ देऊन उन्हाचा चटका वाढला की ही बुरशी जोर धरते. पानांवर कितीही फवारले तरी मुळातल्या या बुरशीपर्यंत औषध पोहोचत नाही, त्यामुळे त्या झाडांवर एक रुपयाही घालू नये.

मूळ शाबूत आहे, पण वरच्या कोवळ्या पानांवर गडद पिवळे आणि हिरवे चट्टे वेडेवाकडे मिसळलेले आहेत आणि अशी झाडे रानभर विखुरलेली आहेत, असे असेल तर तो पिवळा मोझॅक आहे. तो विषाणूचा रोग आहे, पांढरी माशी तो पसरवते आणि आलेल्या झाडाला बरे करणारे औषध नाही. सुरुवातीच्या महिनाभरात अशी झाडे उपटून पुरली असती, पिवळे चिकट सापळे लावले असते आणि पेरणीच्या वेळी बियाण्याला थायोमिथोक्झाम ३० एफएस किलोला १० मिली चोळले असते, तर फरक पडला असता. आता शेंगा भरत असताना माशीवर पुन्हा पुन्हा फवारणी करून फारसे हाती लागणार नाही. उलट एकाच गटातली कीटकनाशके वारंवार मारल्याने माशीचे शत्रूकीटक मरतात आणि माशी वाढते. शेजारी कुणी उन्हाळी सोयाबीन किंवा उन्हाळी मूग केला होता का, याची चौकशी जरूर करा. विषाणूला आणि माशीला वर्षभर हिरवे घर मिळाले की खरिपात रोग लवकर येतो, आणि हे केवळ एका शेतकऱ्याच्या हातात राहत नाही, त्यासाठी सगळ्या शिवाराने मिळून ठरवावे लागते.

तिसरी शक्यता तुमच्या वर्णनावरून मला सर्वांत जास्त वाटते. पाणी साचलेल्या सखल पट्ट्यातच पीक पिवळे असेल, कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग फिका पडला असेल आणि मूळ चांगले असेल, तर तो रोगच नाही. चुनखडीच्या काळ्या रानात मुळांना हवा मिळेनाशी झाल्याने लोह उचलले जात नाही, एवढेच घडले आहे. अशा वेळी आधी चर काढून पाणी बाहेर काढावे. वाफसा आल्यावर पीक बऱ्याचदा आपोआप सावरते; फारच फिके असेल तर अर्धा टक्का फेरस सल्फेटची एक फवारणी पुरते. जाता जाता खोडावर एकमेकांपासून थोड्या अंतरावर दोन गोल खाचा दिसतात का तेही पाहावे. त्या चक्रीभुंग्याच्या असतात, वरचा भाग त्यामुळे सुकतो आणि लोक त्यालाही रोग समजून बुरशीनाशक मारतात.

चौथ्या फवारणीला एकच खरे कारण असू शकते, ते म्हणजे शेंगांवरचा करपा. शेंगांवर तपकिरी-काळे डाग दिसत असतील, त्यांत बारीक काळे टोकदार ठिपके उठले असतील, दाणे अजून हिरवे असतील आणि पाऊस लागून राहिलेला असेल, तर टेब्युकोनॅझोल २५.९ ईसी एकरी २५० मिली, केवळ तेवढेच, मारावे. येथे मापाची एक चूक जवळजवळ सगळे करतात. शिफारस हेक्टरी ६२५ मिलीची असून ती हेक्टरी ५०० लिटर पाण्यासाठी, म्हणजे एकरी २०० लिटरसाठी आहे. १५ लिटरच्या हातपंपाचे एकराला तेरा पंप होतात, म्हणजे पंपाला साधारण १९ मिली. मात्र पेट्रोलवर चालणाऱ्या फवारणी पंपाने एकरात ५० लिटरच पाणी जाते, आणि तेव्हाही पंपाला तेच १९ मिली टाकले तर एकराला औषधाचा चौथा हिस्सा मिळतो. मग "औषधच बनावट निघाले" असे म्हणून आपण दुसरे औषध आणतो. औषध नेहमी एकरावर मोजावे, पंपावर नाही. काढणीपूर्वी किती दिवस थांबायचे ते डब्याच्या कागदावर लिहिलेले असते, ते वाचूनच फवारणी करावी. चार डबे एकत्र करण्याला माझा ठाम विरोध आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली. मनाने केलेली मिश्रणे, तोंडाला रुमाल नाही, डोक्याएवढे वाढलेले पीक, अशी अनेक कारणे त्या वेळी पुढे आली. फवारणारा गडी आपल्याच घरचा किंवा आपल्याच गावचा असतो, हे विसरू नये.

आता हार्वेस्टर. रोगाचा आणि यंत्राचा संबंध येथेच येतो, आणि याकडे फार कमी लक्ष दिले जाते. कोळसाकुजीने किंवा पाण्याने बसलेला पट्टा उरलेल्या रानाच्या आठ-दहा दिवस आधी वाळतो. हार्वेस्टर मात्र एकाच दिवशी सगळे कापतो. लवकर लावला तर हिरवी खोडे यंत्रात चेंगरून दाण्याला डाग पडतो आणि ओलावा वाढतो. उशिरा लावला तर वाळलेल्या पट्ट्यातल्या शेंगा तडकून रानातच सांडतात. म्हणून माझा सल्ला असा की, दोन-तीन मजूर कसेही करून मिळवावेत, वाळलेले पट्टे आधी विळ्याने कापून घ्यावेत, त्यांची मळणी वेगळी करावी आणि त्या मालाची पोतीही वेगळी ठेवावीत. उरलेले रान एकसारखे पिकल्यावर यंत्र लावावे. रोगट पट्ट्यातला बारीक, सुरकुतलेला दाणा चांगल्या मालात मिसळला की सौद्यात सगळ्या ढिगाचा दर त्या डागी दाण्यावरून ठरतो.

यंत्र सकाळचे दव उठल्यावर, साधारण अकरानंतरच, रानात घालू द्यावे. चालकाला दुसरे रान गाठायची घाई असते, पण पहिली फेरी झाली की त्याला थांबवून मागे उतरा आणि एक मीटर लांब व एक मीटर रुंद जागेतले सांडलेले दाणे आणि खुंटावर राहिलेल्या शेंगांतले दाणे मोजा. शंभर दाण्यांचे वजन १२ ग्रॅम धरले तर चौरस मीटरला ४० दाणे म्हणजे एकरी सुमारे १९ किलो माल मातीत गेला. त्याहून जास्त निघाले तर कापणीचे पाते खाली घ्यायला आणि वेग कमी करायला सांगावे. फुले संगमचे झाड चांगले वाढते, पण दाट पेरलेल्या रानात ते लोळते आणि लोळलेल्या झाडाच्या खालच्या शेंगा पात्याला सापडत नाहीत. यंत्राने काढायचे असे आधीच ठरलेले असेल, तर जमिनीपासून उंचावर शेंगा धरणारे परभणीचे एमएयूएस १६२ सारखे वाण पुढच्या वर्षी विचारात घ्यावे. आणखी एक, यंत्र दुसऱ्याच्या रानातून थेट येत असेल तर त्याची टाकी आणि चाके बांधावरच झाडून घ्यावीत. तणाचे बी, परके वाण आणि रोगट माती त्याबरोबर येते.

मजुरांकडून काढणी केली तर धोका बनीम, म्हणजे कापलेल्या झाडांची गंजी, लावण्यात आहे. माझ्या हातून झालेली चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी ऑक्टोबरात आभाळ आले म्हणून अर्धवट ओल्या सोयाबीनची बनीम लावून मी ती प्लास्टिकच्या कागदाने बुडापर्यंत घट्ट झाकली. पाऊस दोन दिवस पडून थांबला, पण रान ओले असल्याने मळणीयंत्र येईना. पाचव्या दिवशी कागद उचलून आत हात घातला तेव्हा चुलीजवळ हात नेल्यासारखी धग लागली, आणि मधल्या पेंढ्यांवर पांढरी बुरशी चढलेली होती. मळल्यावर दाणा तपकिरी निघाला. सौद्यात खरेदीदाराने मूठभर दाणे तळहातावर घेतले, एक दाताखाली फोडला, नाकाशी नेला आणि काही न बोलता ढीग ओलांडून पुढे गेला. पुढे तो माल मातेऱ्यापेक्षा थोड्याच वरच्या दराने गेला. पाऊस मला थांबवता आला नसता, पण बुडाशी दगड-लाकडांचा थर, मध्ये हवेला वाट आणि ऊन पडताच कागद उघडणे, एवढे केले असते तर तो माल वाचला असता.

मळणीच्या वेळी पुढच्या वर्षीच्या बियाण्याचा विचार करावा. सोयाबीनच्या दाण्याचे आवरण पातळ असते आणि अंकुर अगदी त्याच्याखाली असतो. बियाण्यासाठी ठेवायचा माल ओलावा १४ टक्के असताना मिनिटाला ४०० ते ५०० फेऱ्यांवर आणि १३ टक्के असताना ३०० ते ४०० फेऱ्यांवरच मळावा. भाड्याचे यंत्र तासावर असले तर मालक ते जोरात फिरवतो, म्हणून बियाण्याच्या पोत्यांपुरते भाडे वेगळे ठरवावे. चांगल्या पट्ट्यातले असे बियाणे ठेवले, पुढच्या जूनला ओल्या गोणपाटात शंभर दाण्यांची उगवण पाहिली आणि ती ७० टक्क्यांच्या वर आली, की पेरणीचा निम्मा घोर मिटतो. ज्या पट्ट्यात कोळसाकूज निघेल त्या पट्ट्यातली गुळी, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, तेथेच पसरू नये आणि पुढच्या खरिपात तेथे ज्वारी घ्यायचा विचार असेल तर आधी कृषी विद्यापीठाला विचारावे, कारण हीच बुरशी ज्वारीवरही खडखड्या रोग आणते.

विक्रीबाबत पहिली गोष्ट ओलाव्याची. १८ टक्के ओलाव्याचा १०० किलो माल १२ टक्क्यांपर्यंत वाळवला की सुमारे ९३ किलो उरतो. समजा ओल्या मालाला ३७०० आणि वाळल्याला ४३०० रुपये क्विंटल दर आहे; तर ओला विकून ३७०० आले असते आणि तोच माल दोन दिवस ताडपत्रीवर पातळ पसरून वाळवल्यावर साधारण ४००० येतील. पण दरातला फरक दोन-अडीचशेच असेल तर वाळवण्याचा कष्ट आणि जोखीम परवडत नाही. हा हिशेब ज्या त्या दिवशी आडतीवर दोन्ही मालांचे दर विचारूनच करावा. वाळवायचे ते हमीभावाच्या केंद्रासाठीही लागतेच: २०२५-२६ साठी हमीभाव ५३२८ रुपये आहे आणि खरेदीचा निकष १२ टक्के ओलाव्याचा आहे. २०२४ च्या हंगामात तो १५ टक्क्यांपर्यंत शिथिल झाला होता, पण ती सवलत नोव्हेंबर उजाडल्यावर आली, तोवर गरजवंतांचा माल विकून झाला होता. म्हणून सवलतीच्या भरवशावर राहू नये, आणि ई-पीक पाहणीत सोयाबीनची नोंद झाली आहे की नाही हे आजच तपासावे. सातबाऱ्यावर पीक नसेल तर केंद्रावर नोंदणी होत नाही.

माल ठेवावा का, याचे उत्तर देताना पुष्कळांच्या मनात अजून ऑगस्ट २०२१ असतो, जेव्हा काही बाजारांत दर दहा हजारांवर गेला होता. तो दर पेंडेच्या टंचाईचा होता, आणि सरकारने १२ लाख टन पेंड आयातीला परवानगी दिली व नवा माल आला तसा तो उतरला. १०० किलो सोयाबीनमधून साधारण १८ किलो तेल आणि ८० किलोच्या आसपास पेंड निघते, त्यामुळे आपला दर तेलापेक्षा पेंडेच्या उठावावर जास्त अवलंबून असतो. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचे एकूण आयातशुल्क साडेपाचवरून साडेसत्तावीस टक्के झाले, तरीही त्या हंगामात आपला दर ४८९२ च्या हमीभावाखालीच राहिला, कारण इथेनॉल कारखान्यांतून निघणारा मक्याचा आणि तांदळाचा स्वस्त चोथा कोंबडीखाद्यात पेंडेची जागा घेत होता. मे २०२५ अखेर ते शुल्कही साडेसोळा टक्क्यांवर आणले गेले. सोयाबीनचे वायदे डिसेंबर २०२१ पासून बंद असल्याने पुढच्या दराचा अंदाज देणारे तेही साधन आपल्याकडे नाही. अशा स्थितीत सगळा माल ठेवणे ही गुंतवणूक नव्हे, तो जुगार ठरतो.

तुमच्या जागी मी असतो तर डागी आणि यंत्राने फुटलेला माल लगेच विकला असता, कारण तो साठवणीत आणखी खराब होतो. चांगल्या मालाची हमीभाव केंद्रावर नोंदणी केली असती. दसऱ्याला पैशांची नड असेल तर बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेत माल ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज सहा टक्के व्याजाने १८० दिवसांसाठी मिळते, आणि खासगी सावकाराच्या किंवा आडत्याच्या उचलीपेक्षा ते कितीतरी बरे. तुमच्या बाजार समितीत ही योजना चालू आहे का आणि गोदामात जागा आहे का, हे काढणीआधीच जाऊन विचारावे. माल गाडीत भरल्यावर विचारणारा माणूस मिळेल त्या दराला काट्यावर जातो.

आज संध्याकाळपर्यंत झाडे उपटून, बुडखे चिरून पाहा आणि आतला रंग, पानांवरच्या शिरा आणि शेंगांवरचे डाग कसे आहेत ते कळवा. टेब्युकोनॅझोल घ्यायचे की नाही, हे त्यानंतरच ठरवू.